वाऱ्याचे वकील

टिळकवाडीतले आमचे घरमालक वाऱ्याला अहोजाहो करत. सगळ्याच वाऱ्यांना नव्हे. जांबोटीच्या डोंगरांवरून येणारा पश्चिमेचा वारा त्यांच्या लेखी मोठ्या घरचा. तो सुटला की ते व्हरांड्यात उभे राहून म्हणायचे, "या, या. आज लवकर आलात!" पूर्वेच्या कोरड्या वाऱ्याला मात्र सरळ अरेतुरे. "आलास का परत धूळ घेऊन? पाय पुसून ये." रस्त्यानं जाणारा एखादा भला माणूस आपल्यालाच हे बोलले असं समजून थांबायचा आणि चपला बघायला लागायचा.

मी त्यांच्याकडे खोली मागायला गेले तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. एकट्या बाईला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, घराणं विचारलं नाही. आरामखुर्चीतून माझ्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "लुगडं नऊवारी की पाचवारी?"

मी तडक उठून निघाले. फाटकापर्यंत पोहोचले तेवढ्यात मागून काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पदराला हात पुसत धावत आल्या. "अगं, थांब. वाईट अर्थानं विचारलं नाही त्यांनी. वाळत घातलेल्या लुगड्यावरून त्यांना वारा बघायचा असतो. नऊवारीला वारा चांगला कळतो म्हणतात."

"म्हणतात काय? कळतोच!" व्हरांड्यातून आवाज आला. "पाचवारी उगाच फडफडतं. नऊवारी साक्ष देतं."

खोली मला मिळाली ती एका अटीवर. लुगडं खोलीत वाळवायचं नाही. गच्चीवरच्या दोरीवर, ते सांगतील त्या टोकाला घालायचं. त्या घरात मी पुढे बरीच वर्षं राहिले आणि एवढी एक अट सोडली तर त्यांनी मला कधीही दुसरी अट घातली नाही.

सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. ते वकील होते, पण मी राहायला गेले त्याच्या कितीतरी आधी त्यांनी कोर्टात जाणं सोडलं होतं. गल्लीतली पोरं त्यांना 'वारेवकील' म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. बोलणं मात्र वकिलाचंच राहिलं होतं. काकूंनी आमटी वाढली की "हरकत आहे, मीठ कमी आहे" म्हणायचे. जेवून हात धुतला की ओला हात वर धरून अंगणात उभे राहायचे, कुठल्या बाजूनं गार लागतं ते बघायला. एकदा काकूंच्या माहेरचे एक वृद्ध गृहस्थ आले होते. त्यांना वाटलं, यजमान आशीर्वाद देताहेत. ते बिचारे पुढे होऊन वाकले. अण्णांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "नैऋत्य."

एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना वारा फिरला. अण्णा हातातल्या अक्षता तशाच घेऊन मांडवाबाहेर पळाले आणि मुठीतल्या अक्षता थोड्या थोड्या सोडून त्या कुठे जातात ते पाहत बसले. नवरा-नवरीच्या डोक्यावर त्यांच्याकडची एकही अक्षता पडली नाही. काकूंनी त्या दोघांना पुढे घरी बोलावून वेगळी ओटी भरली.

ते कधी चालत नसत. धोतराचा सोगा मुठीत धरून अर्धवट धावत असत. आणि जगात आज काहीतरी भलतंच भारी घडणार आहे, अशा चेहऱ्यानं रोज सकाळी उठत. बहुतेक दिवशी काही घडत नसे. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. "आज तहकूब," असं म्हणून झोपायला जात.

मग एका वैशाखात खरंच घडलं.

शाळेला सुट्टी होती. वळवाचे दोन-तीन पाऊस होऊन गेले होते. जांबोटीजवळच्या वाडीवरचा परशराम दरवर्षी त्या दिवसांत काकूंना फणस आणून द्यायचा. त्या वर्षी आला तो रिकाम्या हातानं. पायरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "काकू, औंदा फणस न्हाईत."

"का रे?"

"झाडंच न्हाईत. आभाळातनं सोंड उतरली नि सगळं उपटून घिऊन गेली."

अण्णा गच्चीवर होते. ते कसे खाली आले ते मी पाहिलं नाही, पण त्यांची एक चप्पल जिन्यावर आणि दुसरी मोरीपाशी सापडली.

"सोंड? काय म्हणालास? परत सांग. सावकाश सांग. पण लवकर!"

परशराम दचकला. "सोंड वो अण्णा. हत्तीची असतीया तशी. काळी."

"फिरत होती?"

"व्हय की. ताकात रवी फिरावी तशी."

"आवाज?"

"रेल्वेगत. आमच्याकडं रेल्वे न्हाय, पर गुंजीला गेलतो तवा ऐकलीया. तसाच."

"माणसं?" हे काकूंनी विचारलं.

"माणसं ठीक हाईत, काकू. सोंड वाडीच्या कडंकडंनं गेली. बसाप्पाच्या गोठ्याचं पत्रं तेवढं गेलं. म्हसरं धड हाईत. पर रानात शिरली नि मग काय इचारू नगा. आडवं केलंया सगळं."

"पत्रे," अण्णा म्हणाले. एकच शब्द, आणि तोही अगदी हळू. मग एकदम ओरडले, "बाई! होकायंत्र काढा! दोर कुठाय? मोठा दोर!"

बाई म्हणजे मी. मला त्यांनी गृहीतच धरलं होतं. दोराचं दुसरं टोक धरायला आणि कागदावर बाण काढायला कोणीतरी हवं होतं. काकूंनी दोघांकडे पाहिलं आणि स्टोव्ह पुसायला घेतला.

"तू कुठे निघालीस?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही जेवायला विसराल आणि ही पोर उपाशी मरेल. शिवाय हिला एकटीला तुमच्याबरोबर रानात धाडली तर गल्लीतल्या बायका मला काय म्हणतील? मी येणार."

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही सर्व्हिस मोटारीनं निघालो. अण्णांनी सबंध वाटभर डोकं खिडकीबाहेर काढलं होतं. ड्रायव्हर वैतागून सारखा म्हणत होता, "अण्णा, डोकं आत घ्या की वो, फांदी लागतीय." अण्णा म्हणायचे, "लागू दे. कुठल्या बाजूनं येते ते तरी कळेल."

वाडीपासून आम्ही परशरामाच्या मागून चालत निघालो. ते रान मी आधी पाहिलं होतं. भर दुपारी आत शिरलं तरी डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागावा, इतकं दाट. आणि त्या दिवशी एका वळणावरून पुढे झालो तर समोर नुसता उजेड. कोणीतरी कंगव्यानं भांग पाडावा तशी रानातून एक मोकळी वाट गेली होती. ऐन, किंजळ, नाणा, माणसांच्या तीन-तीन पिढ्या पाहिलेली झाडं मुळांसकट आडवी झाली होती. काहींची खोडं मधोमध पिळून तुटली होती. ओल्या लाकडाचा आणि चिकाचा वास इतका दाटला होता की बोलताना तो जिभेवर येत होता. पक्षी एकही ओरडत नव्हता.

मला धडकी भरली. अण्णांनी मात्र टोपी काढली. तशीच छातीशी धरून उभे राहिले आणि मग अगदी लहान पोरासारखे म्हणाले, "आले होते. खरंच आले होते."

मग काम सुरू झालं. काम असं की पडलेल्या प्रत्येक झाडाचा शेंडा कुठल्या दिशेला आहे ते बघायचं आणि कागदावर बाण काढायचा. दोरानं अंतर धरायचं. अण्णा खोडावर चढून ओरडायचे, "ऐन! पूर्वेला!" मी बाण काढायची. "किंजळ! पूर्वेला! बाई, ढिलाई नको, दोर ताणा!" परशराम पुढे होऊन जाळ्या तोडत होता. काकू मागून स्टोव्ह घेऊन येत होत्या.

सारखे पूर्वेलाच बाण यायला लागले. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही, पण अण्णांचा आवाज उतरत गेला. "नाणा. पूर्वेला." मग नुसतं, "पूर्वेला." शेवटी ते एका बुंध्यावर बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"सगळी एकाच बाजूला पडलीत. सरळ वारा होता. जोराचा, पण सरळ. फिरता असता तर सगळी एकाच दिशेला कशी पडतील?"

परशरामाला राग आला. "फिरत हुती, अण्णा! म्या बघितलंया ह्या डोळ्यांनी."

"तू पाहिलंस, मान्य. पण झाडं तुझ्या बाजूनं बोलत नाहीत, त्याला मी काय करू?"

इतके खचलेले अण्णा मी पहिल्यांदाच पाहिले. माझ्या मनात आलं, वारा सरळ गेला काय आणि वाकडा गेला काय, या माणसाचं काय अडतं? पण त्यांचं काहीतरी अडत होतं. हातातला दोर त्यांनी खाली टाकला होता.

इकडे काकूंना स्टोव्ह पेटवायला सपाट जागा मिळत नव्हती. त्या पडलेल्या झाडांवरून, लुगडं सावरत, त्या मोकळ्या पट्ट्याच्या पलीकडच्या कडेला गेल्या होत्या. तिथून त्यांची हाक आली.

"अहो! इकडे या जरा."

"जेवायला नको मला."

"जेवायला कोण बोलावतंय? इकडची झाडं उलटी पडलीत."

अण्णा उठले नाहीत, उडालेच. करवंदीच्या जाळीतून सरळ गेले. धोतर फाटलं, पोटरीवर रक्त आलं, टोपी कुठे गेली कोण जाणे. मी आणि परशराम मागून. पाहतो तर पट्ट्याच्या त्या कडेची सगळी झाडं पश्चिमेकडे शेंडे करून पडली होती. अलीकडची पूर्वेला, पलीकडची पश्चिमेला. आम्ही एकाच कडेनं मोजत आलो होतो एवढंच.

अण्णा पलीकडून अलीकडे धावले, अलीकडून पलीकडे धावले. "ही इकडे! ती तिकडे! फिरला! बाई, फिरला!" त्यांनी परशरामाचे दोन्ही हात धरले आणि त्या मोडक्या रानाच्या मधोमध त्याला घेऊन गोल गोल फिरायला लागले.

"अवो अण्णा, पडशिला! मग म्या काय सांगत हुतो!" परशराम ओरडत होता आणि हसतही होता.

"माफी! भर रानात माफी मागतो तुझी!"

काकूंनी स्टोव्ह पेटवला. मी हसत हसत बाण काढत होते आणि ते सगळे वाकडे येत होते. अण्णांचा तो आनंद साथीसारखा होता, जवळ उभं राहिलं की लागायचा. आदल्या दिवशी मला वाऱ्याची काहीही पर्वा नव्हती. आता मीच पुढे धावून ओरडायला लागले होते, "अण्णा, हे बघा! हे काय?"

आणि बघण्यासारखं काय कमी होतं! बांबूचं अख्खं बेट पोरीच्या वेणीसारखं पिळून टाकलेलं. एका खोडात वाळलेल्या गवताच्या काड्या सुयांसारख्या रुतलेल्या. पट्ट्याच्या अगदी कडेच्या जांभळीवर एक सूप लटकत होतं, जसंच्या तसं, एक कामटी मोडलेली नाही. परशराम म्हणाला, "हे आमच्याच आळीतलं. म्हातारी शोधतीया कवाधरनं." अण्णा म्हणाले, "म्हातारीला सांग, सूप अंगणात ठेवलं होतं की घरात, ते मला हवंय." आम्ही मुक्कामाला वाडीत परतायचो आणि उजाडलं की पुन्हा रानात.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो पत्रा सापडला.

एक जुनी किंजळ उभी राहिली होती, शेंडा तुटलेली. तिच्या बुंध्याला, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, एक पत्रा गुंडाळला होता. वीतभर कापड बोटाला गुंडाळावं तसा. परशरामानं जवळ जाऊन हात फिरवला. "बसाप्पाच्या गोठ्याचा. ह्यो बघा, ह्यो डांबराचा डाग म्याच लावलाय. गळत हुता." गोठा तिथून कोसभर तरी लांब होता.

अण्णा "हे बघा" म्हणून ओरडले नाहीत. ते पत्र्यापाशी गेले, त्याच्यावर दोन्ही तळवे टेकले आणि तसेच खाली बसले. थोड्या वेळानं मला कळलं की ते रडताहेत.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मला खुणेनं बसवलं आणि चहा ठेवला. मग अण्णांनीच सांगायला सुरुवात केली.

सनद मिळून त्यांना थोडेच दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. निपाणीजवळच्या एका खेड्यात वादळी पाऊस झाला आणि एका व्यापाऱ्याच्या तंबाखूच्या वखारीचे पत्रे नाहीसे झाले. ते सापडले कोसभर लांब, केदारी नावाच्या एका शेतकऱ्याच्या झोपडीमागे. केदारी म्हणाला, वाऱ्यानं आणून टाकले. त्याचं वकीलपत्र कोणी घेईना. अण्णांनी घेतलं. त्यांना तो माणूस खरा वाटला. त्यांनी आठ-आठ दिवस जागून भाषण तयार केलं आणि भरलेल्या कोर्टात ते सगळं जीव तोडून मांडलं. वारा काय करू शकतो, ढग कसे उतरतात, हवा कशी फिरते.

"न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं," अण्णा म्हणाले. "आणि मग विचारलं, वकीलसाहेब, वाऱ्यानं पत्रे आणले, समजलं. पण ते एकावर एक नीट रचूनही ठेवले का?"

"रचून ठेवले होते?" माझ्या तोंडून गेलं.

"होते. कोर्ट हसलं. शिपाईसुद्धा हसला. केदारीला तुरुंगात नेताना तो माझ्याकडे बघत होता. मी घरी आलो, काळा कोट काढला आणि परत घातला नाही. निरपराध माणूस माझ्यामुळे आत गेला, बाई. मला वाऱ्याची बाजू मांडता आली नाही." त्यांनी पत्र्यावर थाप मारली. "आता हा बघा. कोसभर! कोसभर आणला की नाही?"

काकूंनी त्यांच्या हातात चहा दिला. "एकच आहे," त्या म्हणाल्या. "आणि रचलेला नाही."

"हरकत आहे!" अण्णा ओरडले, पण डोळे पुसत ओरडले. चहा एका घोटात संपवून उभे राहिले. "रचण्याचं पुढे बघू. आणण्याचं तर सिद्ध झालं! हा पत्रा काढा. मी हा केदारीला नेऊन दाखवणार."

पत्रा काढायला परशराम आणि आणखी दोघांचा अर्धा दिवस गेला. बसाप्पा म्हणाला, "न्या की. तसला वाकडा पत्रा म्या काय गळ्यात घालू?" पुढे ती मोकळी वाट एका ओढ्यापाशी एकाएकी संपली. पलीकडे रान जसंच्या तसं उभं, एक पान हललेलं नाही. जणू इथपर्यंत येऊन सोंड वर उचलली. अण्णांनी ओढ्याच्या काठावर उभं राहून, पाहुण्याला वेशीपर्यंत पोहोचवून निरोप द्यावा तसे हात जोडले. मग बैलगाडीत पत्रा घालून आम्ही गुंजीला आलो. स्टेशनमास्तरनं विचारलं, हे काय सामान आहे? अण्णा म्हणाले, "साक्षीदार."

घरी एक रात्र काढून आम्ही निपाणीच्या मोटारीत बसलो. आम्ही म्हणजे तिघंही. आता मला घरी ठेवलं असतं तरी मी राहिले नसते. पत्रा मोटारीच्या टपावर बांधला होता आणि प्रत्येक खड्ड्याला ढोल वाजावा तसा वाजत होता. अण्णा सबंध वाट बोलत होते. केदारी जिवंत असेल का, ओळखेल का, त्याला आधी काय सांगायचं, पत्रा आधी दाखवायचा की मागाहून. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. एकदा फक्त म्हणाल्या, "त्यानं दार लावून घेतलं तर?"

"तर दाराबाहेरून सांगेन," अण्णा म्हणाले.

केदारी जिवंत होता. खेड्याच्या कडेला, कडुनिंबाच्या सावलीत बसून दोर वळत होता. कानावर पांढरे केस, अंगात बंडी, हात मात्र अजून खणखणीत. डोक्यावर पत्रा घेतलेल्या हमालाच्या पुढे अण्णा धावत येताना पाहून तो उठून उभा राहिला. ओळख पटायला क्षणभर लागला. मग त्याच्या हातातला दोर गळून पडला.

"वकीलसाहेब," तो म्हणाला.

"केदारी! बस. खाली बस. हे बघ!" अण्णांनी पत्रा त्याच्यासमोर उतरवायला लावला आणि सुटलेच. सोंड, आवाज, पूर्वेची झाडं, पश्चिमेची झाडं, काकूंची हाक, बांबूची वेणी, सूप, किंजळ. हातवारे करत, घाम पुसत, पत्र्यावर थापा मारत. "कोसभर, केदारी! गोठ्यावरून उचलला आणि कोसभर नेऊन झाडाला गुंडाळला. तू म्हणालास ते होऊ शकतं. त्या दिवशी मला दाखवता आलं नाही. आज आणलंय. तुझा खरेपणा आज मी घेऊन आलोय!"

घरातून एक बाई गूळपाणी घेऊन आली. केदारीची मुलगी, गंगू. माहेरपणाला आलेली, दोन-तीन पोरांची आई. तिनं तांब्या ठेवला आणि दाराशी उभी राहिली. केदारी पत्र्याकडे बघत होता.

"अण्णा," तो शेवटी म्हणाला, "पत्रं म्याच आणलतं."

अण्णांचा हात पत्र्यावर तसाच राहिला.

"वाऱ्यानं माझं छप्पर नेलं, हे खरं. आत बायकू अडल्याली. वरनं पाणी वतत हुतं. सुईण म्हणाली, वर कायतरी घाल, न्हायतर दोगंबी जातील. वखारीचं पत्रं वाऱ्यानं ढिलं झालतं. म्या काढलं. डोक्यावरनं आणलं, एकट्यानं. चार वर घातलं. ऱ्हायल्यालं मागं ठिवलं. पाऊस थांबल्यावर उजाडायच्या आत वरचंबी उतरवून तितंच रचलं." तो दाराकडे बघून म्हणाला, "ही त्याच राती झाली."

काकू गंगूकडे बघत होत्या.

"मला का सांगितलं नाहीस?" अण्णांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"सांगणार हुतो. पर तुमी कोरटात इतकं झपाटून बोलत हुता की मलाबी खरं वाटाय लागलं. म्हटलं, आसंल बा, वाऱ्यानंच आणलं आसंल." केदारीचे डोळे भरले. "सुटून आलो तवा कळलं, तुमी कोरट सोडलं. माझ्यापायी. मग त्वांड दाखवायचा धीर झाला न्हाय."

"रचले कशाला होतेस?" अण्णांनी एवढंच विचारलं.

"मग काय करू? दुसऱ्याची वस्तू. कशीबी टाकू व्हय?"

अण्णा उठले आणि शेताच्या बांधापर्यंत जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. तंबाखू निघून गेलेलं रान मोकळं पडलं होतं. वारा सुटला. कडुनिंबाची पानं सळसळली, त्यांच्या धोतराचा सोगा फडफडला. त्यांनी हात वर केला नाही. त्या घरात आल्यापासून मी असं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला भीती वाटली. ज्या माणसाच्या खरेपणावर त्यांनी आपलं सगळं आयुष्य ओवाळून टाकलं होतं, तो खरा नव्हता. मी उठायला लागले. काकूंनी माझा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. मग गंगूला जवळ बोलावलं. तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. "आई कशी आहे?"

"गेली, दोन सालं झाली. पर लई जगली."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "बरं झालं हो." त्यांचा आवाज स्थिर होता, पण हात मात्र त्यांनी गंगूच्या डोक्यावरून काढला नाही.

तेवढ्यात बांधावरून अण्णा वळले. चालत नाही, सोगा मुठीत धरून धावत आले. चेहरा लाल झाला होता. ते केदारीसमोर येऊन उभे राहिले.

"तुझं छप्पर गेलं म्हणालास ना?"

"व्हय."

"अख्खं?"

"अख्खं. आड्यासकट."

"फिरवून नेलं की सरळ?"

केदारीनं डोळे मिटले. "फिरवून. भिंगरीगत. म्या दारात हुतो. डोळ्यांदेखत गेलं."

"हे खरं? का हेही मला बघून सुचतंय?"

"गंगूच्या गळ्याची आण, अण्णा."

"मग मूर्खा, हे कोर्टात का नाही आलं! सगळा खटला पत्र्यांवर चालला आणि खरं छप्पर कोणी विचारलंच नाही!" अण्णा थरथरत होते, पण आता मी त्या थरथरण्याला ओळखत होते. "कुठल्या दिशेला गेलं?"

"तकडं. ओढ्याच्या अंगाला."

"शोधलंस?"

"कवा शोधू? सकाळीच फौजदार आला की!"

"म्हणजे कोणीही शोधलेलं नाही," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर असं हसू आलं की केदारीही रडता रडता हसायला लागला. "छपराच्या आड्याचं लाकूड सागवानी होतं का?"

"सागवानीच. आज्ज्यानं घातलेलं."

"मग कुजलं नसेल. ऊठ! तुझा दोर घे. टोक तू धर."

दोघं म्हातारे त्या मोकळ्या रानातून निघाले. अण्णा पुढे, केदारी दोराचं टोक धरून मागे. ऊन कडक होतं. अण्णांचं ओरडणं इथवर ऐकू येत होतं, "ताण! ढिला सोडू नकोस!" आणि केदारीचं, "आवो, त्या अंगाला न्हाय, ह्या अंगाला! माझं छप्पर तुमाला जास्त ठावं का मला?" भांडत भांडत ते उताराला लागले आणि दिसेनासे झाले.

गंगू कपाळावर हात धरून त्या दिशेला बघत राहिली. "काकू, माझ्या बाला कुठं घिऊन गेलं वो हे?"

"तू जन्मलीस त्या रात्री उडालेलं छप्पर शोधायला," काकू म्हणाल्या.

गंगूनं जरा विचार केला. "मग भाकरी उशिरा थापते," ती म्हणाली आणि आत गेली.